भरलेला ट्रक, रिकामा ट्रक आणि सूत्रातून निघून जाणारं वस्तुमान

वळणवाट

नमस्कार. आठवडाभर एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो.

माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, ३१ वर्षं ट्रक चालवला. आता घरी असतात. मुलगी अकरावीत आहे. परवा ती भौतिकशास्त्राची उदाहरणं सोडवत बसली होती. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक लावले, टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.७, तर गाडी किती अंतरावर थांबेल? तिने उत्तर काढलं, सुमारे २० मीटर. पुढचा उपप्रश्न होता, गाडीचं वस्तुमान दुप्पट केलं तर? तिने लिहिलं, "अंतर तेवढंच राहील." पुस्तकामागे उत्तरही तेच होतं.

नाना शेजारीच बसले होते. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि वही परत देत म्हणाले, "बाळ, गणित बरोबर असेल. पण याच्यावर विसंबून कोणी भरलेली गाडी चालवू नये."

त्यावर मुलीने मला विचारलं की आजोबा आणि पुस्तक, दोघांपैकी चूक कोण? मला सांगता आलं नाही. तिचा आणखी एक प्रश्न आहे. पृथ्वी जड वस्तूला जास्त जोराने ओढते असं शिकवलंय. मग जड दगड आधी खाली का पडत नाही? तिला वाटतं की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. मला तेही कळलं नाही. जाणकारांनी समजावून सांगावं, तिलाही वाचायला देणार आहे.

गणितवेडी

दोन्ही प्रश्न एकच आहेत हे तिला आपणहून सुचलं असेल तर तिचं मनापासून कौतुक. बरेच जण पदवी घेतात तरी ही जोडणी लक्षात येत नाही.

आधी सूत्र, पण शब्दांत. गाडी थांबते ती रस्त्याने टायरला मागे ओढल्यामुळे. हे घर्षण गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतं, आणि ते प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे घर्षणांक. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण, सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटर. तेव्हा मागे ओढणारं बल झालं घर्षणांक × वस्तुमान × ९.८. आता गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होईल हे काढायचं, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्या बलाला वस्तुमानाने भागायचं. वर वस्तुमान, खालीही वस्तुमान, दोन्ही गेली. उरलं घर्षणांक × ९.८, म्हणजे इथे ६.८६.

६० किमी वेग म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. त्याचा वर्ग २७७.८. त्याला ६.८६ च्या दुपटीने भागलं की २०.२ मीटर. वस्तुमान कुठेच नाही. वेग मात्र वर्गात आहे, म्हणून ८० ला हेच अंतर ३६ मीटर होतं. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि अंतर पावणेदोन पटीच्या वर गेलं.

म्हणजे वस्तुमान दोन कामं करतं. एकीकडे ते गाडीला रस्त्यावर दाबून पकड देतं, दुसरीकडे थांबायला विरोध करतं. दोन्ही कामं बरोब्बर सारख्या प्रमाणात होतात, म्हणून वजाबाकी शून्य. तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर आहे.

आणि हो, हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ६० च्या वेगाने २५ मीटर आधीच मागे पडलेले असतात. थांबायला लागलेल्या अंतरापेक्षा ते जास्त आहेत.

चौथागिअर

गणित मान्य, पण नानांशी मी सहमत आहे. मी छोटी मालवाहू गाडी चालवतो. रिकामी आणि भरलेली यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पायाला कळतं. तेवढाच पाय दाबला तर भरलेली गाडी पुढे पुढे सरकत राहते.

गणितवेडी

"तेवढाच पाय दाबला तर" हेच महत्त्वाचं आहे. सूत्र तेवढ्या पायाबद्दल बोलत नाही. टायर रस्त्याला जितकं जास्तीत जास्त धरू शकतो तितकं तो धरतोय, असं ते गृहीत धरतं. तेवढ्याच पायाला ब्रेकचं बल तेवढंच राहतं, वस्तुमान वाढतं, मग अंतर वाढणारच.

ड्रमलायनर

मी अवजड गाड्यांच्या ब्रेकची कामं करतो, २० वर्षांच्या वर झाली. आमच्या बाजूने सांगतो.

गणितवेडी ताईंनी सांगितलेलं सूत्र रस्ता आणि टायर यांचं आहे. पण गाडी थांबताना दोन ठिकाणी घासतं. एक टायर आणि रस्ता. दुसरं, चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला आतून दाबणारं लायनर. यातलं जे आधी दमेल ते अंतर ठरवतं. लहान मोटारीचे ब्रेक एवढे दांडगे असतात की कोरड्या रस्त्यावर पूर्ण दाबले तर चाक जाम करू शकतात. म्हणजे तिथे रस्ता आधी दमतो आणि पुस्तकातलं सूत्र लागू पडतं. भरलेल्या ट्रकला, त्यातही जादा भरलेल्या ट्रकला, ब्रेक आधी दमतात. चाक फिरतच राहतं आणि रस्ता द्यायला तयार असलेली पकड वापरलीच जात नाही.

आकडे मांडून दाखवतो, हिशेबाला सोपे धरलेत. समजा एका ट्रकचे सगळे ब्रेक मिळून जास्तीत जास्त ६०,००० न्यूटन रोध देतात. रिकामा ट्रक ६ टन. रस्ता ०.७ च्या हिशेबाने ४१,००० न्यूटन देऊ शकतो, ब्रेकची ताकद त्याहून जास्त, म्हणून ताशी ६० वरून २० मीटरमध्ये थांबला. आता माल भरून १६ टन केला. रस्ता जवळपास १,१०,००० द्यायला तयार आहे, पण ब्रेक ६०,००० वर संपले. अंतर गेलं ३७ मीटरवर. क्षमतेच्या बाहेर भरून २० टन केला तर ४६ मीटर. गाडी तीच, रस्ता तोच, वेगही तोच.

या उदाहरणात साधारण ८,७५० किलोपर्यंत मुलीचं उत्तर बरोबर आणि त्यापुढे नानांचं.

वळणवाट

ड्रमलायनर, हे वाचून अंगावर काटा आला. ८,७५० चा आकडा मी नानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण कागदावर लिहून घेतला.

एक शंका. माल भरल्यावर पकड वाढते, मग ब्रेकची ताकद का वाढत नाही?

ध्रुवमत्स्य

याचं उत्तर देताना तुमच्या मुलीचा दगडांचा प्रश्नही सुटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन अगदी सारख्या गाड्या शेजारी शेजारी, सारख्या वेगाने धावताहेत अशी कल्पना करा. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक लावले. दोघी २० मीटरवर एकाच वेळी थांबल्या. आता पुन्हा तेच करू, पण मध्ये एक सैल दोरी बांधून. दोरी ताणली जाईल का? नाही, कारण कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. मग दोरीऐवजी लोखंडी पट्टी लावून दोघी जोडून टाकू. आता ही एकच गाडी झाली, वस्तुमान दुप्पट. तरी थांबणार २० मीटरवरच. पट्टी लावल्याने काय बदलणार?

गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात दगडांबद्दल असाच युक्तिवाद केला आहे. जड दगड वेगाने पडतो आणि हलका सावकाश, असं मानू. दोघांना एकत्र बांधलं तर हलका दगड जडाला मागे खेचेल, म्हणजे जोडी जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण जोडी तर जड दगडापेक्षाही जड आहे, म्हणजे ती जास्त वेगाने पडली पाहिजे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सुटका एकच: दोन्ही दगड बरोबरच पडतात. त्याच्याही आधी, १५८६ मध्ये, सायमन स्टेव्हिनने डेल्फ्टमध्ये शिशाचे दोन गोळे सुमारे ३० फुटांवरून एका फळीवर टाकले होते. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड. फळीवर आवाज एकच आला.

कारण असं की पृथ्वी मोठ्या दगडाला जास्त जोराने ओढते हे खरंच आहे, पण तो दगड हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. दगडाचा कणन् कण स्वतःच्या वाट्याची ओढ स्वतः घेऊन येतो. दहा कण असोत की दहा कोटी, प्रत्येकाचं आपलं आपण भागतं. गणितवेडींनी वर खोडलेलं वस्तुमान ते हेच.

आता तुमची शंका. ट्रकमध्ये टाकलेलं प्रत्येक पोतं स्वतःचं वजन घेऊन येतं, म्हणून रस्त्यावरची पकड त्याच्या वाट्याची तेच वाढवतं. पण पोतं स्वतःचे ब्रेक घेऊन येत नाही. दोन गाड्या जोडल्या तेव्हा दुसऱ्या गाडीने आपले ब्रेकही आणले होते. माल भरताना तसं होत नाही. गुरुत्वाकर्षण दर किलोला आपोआप मिळतं. ड्रम आणि लायनर कारखान्यातून येतात तेवढेच राहतात.

निळीशाई

"पोतं स्वतःचे ब्रेक घेऊन येत नाही." वर्गात हेच वाक्य वापरणार आहे. नववीला गुरुत्वाकर्षण शिकवते. वाचतेय, अजून येऊ द्या.

ड्रमलायनर

ध्रुवमत्स्य, म्हणूनच ट्रेलरला स्वतःचे वेगळे ब्रेक असतात. ट्रेलरच्या ब्रेकची हवेची नळी तुटली किंवा जोडायची राहिली तर आतल्या स्प्रिंगमुळे त्याची चाकं आपोआप जाम होतात. बिनब्रेकचा ट्रेलर पाठीशी असणं किती घातक, हे ओळखूनच ती रचना केलेली आहे.

आता उष्णतेबद्दल, कारण नानांना जी भीती वाटते ती बहुतेक या जागेची. सपाटीवर एकदा थांबणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं. ब्रेक वेग गिळून टाकत नाहीत, त्याची उष्णता करतात. ती साठते ड्रममध्ये. १६ टनांचा ट्रक ६० वरून थांबला की २.२ मेगाज्यूल उष्णता होते. सात लिटर पाणी उकळीला येईल एवढी. १,२०० किलोच्या मोटारीत याच्या तेराव्या हिश्श्याएवढीच होते. इथे वस्तुमान कुठेही खोडलं जात नाही, ते पूर्णच्या पूर्ण ड्रमवर येतं.

तोच ट्रक ५०० मीटर उंचीचा घाट उतरला तर ७८ मेगाज्यूल. म्हणजे ६० वरून ३५ वेळा पाठोपाठ थांबण्याएवढी उष्णता. चालक नुसत्या ब्रेकवर उतरला तर यातली बहुतेक चार-सहा ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, त्यामुळे शूला, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेलं असतं त्या भागाला, तिथवर पोचायला जास्त जावं लागतं. तापलेल्या लायनरची पकडही उतरते. आधी जळका, नाकात झोंबणारा वास येतो, मग चाकाच्या आतून धूर, आणि पाय नेहमीएवढा दाबला तरी गाडी ऐकत नाही. याला लोक ब्रेक फेल म्हणतात. पण अशी गाडी उघडून पाहिली तर बऱ्याचदा तुटलेलं काहीच सापडत नाही. लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली असते आणि ड्रमला आतून निळसर झाक.

म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, अशी जुन्या चालकांची शिकवण आहे. खालच्या गिअरला इंजिनच चाकांना धरून ठेवतं, उष्णता इंजिनातून बाहेर जाते आणि ड्रम थंड राहतात. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडणं म्हणजे तो सगळा भार पुन्हा ड्रमवर टाकणं. कृपा करून कोणी करू नका. डिझेल वाचवायला म्हणून करतात, आणि त्यानंतर आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

चौथागिअर

म्हणजे भरलेली गाडी जास्त घट्ट बसते म्हणून ती लवकर थांबते, असं जे काही जण सांगतात ते चूकच ना? मला एका अनुभवी माणसानेच सांगितलं होतं.

गणितवेडी

पकड जास्त मिळते एवढं खरं, लवकर थांबते हे चूक. पकड दुप्पट झाली तर थांबवायचं ओझंही दुप्पट झालं.

खरं तर रबराच्या बाबतीत पकड दुप्पटही होत नाही. घर्षण वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतं हा नियम लाकूड, दगड, धातू यांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मऊ असतं, रस्त्याच्या खाचखळग्यांत ते दबून बसतं. भार वाढत गेला की ते आणखी दबतं, पण त्याच प्रमाणात नाही. म्हणून भार वाढला की टायरचा घर्षणांक थोडा उतरतो. त्यात ट्रकचे टायर जास्त टिकावेत म्हणून कडक रबराचे केलेले असतात. तेव्हा ब्रेक कितीही ताकदवान बसवले तरी भरलेला ट्रक मोटारीच्या थोडा मागेच थांबणार. शिवाय ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पाय दाबल्यापासून हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचून शू ड्रमला टेकेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. ६० च्या वेगात तेवढ्यात आठ मीटर गेले.

पकड वाढली पण वस्तुमान वाढलं नाही, अशी एक जागा मात्र आहे: शर्यतीच्या गाड्या. फॉर्म्युला वन गाडीचे पंख उलटे असतात, वाहणारी हवा गाडीला खाली दाबते. रस्त्याला वाटतं गाडी कितीतरी जड आहे, पण थांबवायचं वस्तुमान आहे तेवढंच. म्हणून त्या गाड्या भर वेगात गुरुत्व त्वरणाच्या पाचपट झपाट्याने वेग कमी करू शकतात. साधी मोटार उत्तम टायरांवरही एकपटीच्या आसपास अडकते. पंखांच्या गाडीत वस्तुमानाची दोन कामं वेगळी केली गेली, म्हणून फरक उघडा पडला.

ध्रुवमत्स्य

याच्या बरोबर उलटं उदाहरण चंद्रावरचं. तिथे वस्तुमान तेच राहतं, पण वजन एक षष्ठांश होतं. १९७१ मध्ये अपोलो १५ ने चंद्रावर माणसांनी चालवायची पहिली गाडी नेली. पृथ्वीवर तिचं वस्तुमान २१० किलो होतं, तिथेही २१० किलोच. पण रस्त्यावर, म्हणजे तिथल्या धुळीवर, तिचा दाब पृथ्वीवरच्या ३५ किलोच्या वजनाएवढा. थांबायला विरोध पूर्ण २१० किलोचा आणि पकड ३५ किलोची. घर्षणांक सारखा धरला तर कुठल्याही वेगाला थांबायला सहापट अंतर लागणार. ताशी १० किमीला घर्षणांक ०.५ धरून पृथ्वीवर ८० सेंटिमीटर, चंद्रावर पावणेपाच मीटर.

त्याच मोहिमेत, २ ऑगस्ट १९७१ ला, डेव्हिड स्कॉटने एका हातातून १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नसल्याने दोन्ही बरोबर खाली पोचली. हे चित्रीकरण मी किती वेळा पाहिलं असेल, दर वेळी गळा दाटतो. गॅलिलिओने जे निव्वळ विचाराने ओळखलं होतं ते ३३० हून जास्त वर्षांनी दुसऱ्याच जमिनीवर डोळ्यांनी दिसलं.

हे वस्तुमानाचं खोडलं जाणं किती काटेकोर आहे, तर २०१६ साली सोडलेल्या मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे तुकडे दोन वर्षांहून जास्त काळ पृथ्वीभोवती पडत ठेवले होते. २०२२ ला अंतिम निष्कर्ष आले. एकावर १५ शून्यं लिहून जो आकडा होतो, त्याच्यात दोन-तीन भागांइतकाही फरक सापडला नाही. ओढलं जाणारं वस्तुमान आणि विरोध करणारं वस्तुमान एकच का असावं, याचं उत्तर न्यूटनकडे नव्हतं. ते तसं आहे एवढंच त्याने लंबकांवर तपासलं होतं. आइन्स्टाइनने १९०७ मध्ये याच जागी बोट ठेवलं आणि त्यातून पुढे सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला.

निळीशाई

मुलं एक हमखास विचारतात: प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, तर शेजारी उभ्या दोन गाड्या एकमेकींकडे का सरकत नाहीत? कोणी आकडा देईल का?

गणितवेडी

देते. दोन्ही गाड्या एकेक टनाच्या, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर दोन मीटर. ओढ येते ०.००००१७ न्यूटन. दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी वजनाची वस्तू तळहातावर ठेवल्यासारखी. चाक जरा हलवायलाही याच्या लाखो पट जोर लागतो.

तरी हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये एवढीशी ओढ मोजली होती. सुमारे १५८ किलोचे शिशाचे दोन मोठे गोळे, तारेने टांगलेल्या दांडीच्या टोकांना पाऊण किलोच्या आसपासचे दोन छोटे. तार किती पिळली जाते हे तो खोलीबाहेरून दुर्बिणीने पाहायचा, कारण माणूस आत गेला तर अंगाच्या उबेने हवा हलायची. त्यावरून त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळपास काढली. आजचा आकडाही ५.५ च आहे.

पाणीपातळी

मी टँकर चालवतो. धागा उशिरा दिसला. एक गोष्ट राहिली आहे.

तुम्ही सगळे वस्तुमान एका जागी बसलेलं धरताय. टँकरमध्ये ते बसत नाही. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड. ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं आणि पुढच्या पत्र्यावर येऊन आदळतं. गाडी थांबली असं वाटून पाय ढिला करावा आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी हातभर पुढे जावी, असं होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबलेला असतानाही सरकते. टाकीच्या आत भोकं असलेल्या आडव्या भिंती घातलेल्या असतात, त्या लाट फोडतात. तरी धक्का राहतोच. म्हणून आम्ही ब्रेक लवकर आणि हळूहळू लावतो आणि थांबल्यावरही पाय काढत नाही.

ध्रुवमत्स्य

पाणीपातळी, हे फार मोलाचं लिहिलंत. थांबताना तुमच्या गाडीच्या पत्र्याला ब्रेक लागतो, पाण्याला नाही. पाण्याला थांबवायचं काम पुढचा पत्रा करतो, आणि तेही जरा उशिरा. पोत्यांचा विषय निघाला तेव्हा पोती निदान जागेवर तरी होती.

चौथागिअर

उताराचं गणितही कोणी द्या. तिथे तरी वस्तुमान येतं का?

गणितवेडी

सूत्रात नाही येत. दहाला एक उतार असेल तर ०.७ मधून ०.१ वजा झाले असं समजा. ६० ला २०.२ चे २३.६ मीटर. खरा फटका ओल्या रस्त्यावर बसतो. घर्षणांक ०.४ धरला तर सपाटीवर ३५ मीटर, त्याच उतारावर ४७. मात्र ड्रमलायनर यांनी सांगितलेली ब्रेकची मर्यादा आणि उष्णता याच्या वर आणखी लागतात, आणि तिथे वस्तुमान येतं.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नाना, मुलगी आणि मी, तिघांनी मिळून पूर्ण धागा मोठ्याने वाचला.

मुलीने ड्रमलायनर यांचे आकडे घेऊन आलेख काढला. आडव्या अक्षावर ट्रकचं एकूण वस्तुमान, उभ्या अक्षावर थांबण्याचं अंतर. ६ टनांपासून ८,७५० किलोपर्यंत सपाट रेघ, २० मीटरवर. तिथून सरळ वर चढत २० टनांना ४६ मीटर. वहीत पहिल्या उत्तराच्या खाली तिने लिहिलं, "ब्रेक चाक अडवू शकतात तोपर्यंतच."

नानांनी बराच वेळ आलेख पाहिला. मग म्हणाले, चढती रेघ बरोबर आहे, ती मी पायाने ओळखतो. माल भरून निघालो की पहिल्या मोकळ्या सरळ रस्त्यावर ते एकदा मुद्दाम ब्रेक दाबून पाहायचे, आज गाडी किती मागतेय ते कळायला. पण डावीकडची सपाट रेघ त्यांना पटली नाही. त्यांचं म्हणणं, रिकामी गाडीही अर्ध्या भरलेल्या गाडीएवढी चांगली थांबत नाही. मागची चाकं जाम होतात, उडतात, आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग आडवा यायला बघतो. त्यांनी पेन घेतलं आणि सपाट रेघेचं डावं टोक थोडं वर उचललं.

हे बरोबर आहे का?

ड्रमलायनर

नानांना नमस्कार सांगा. बरोबर उचललंय.

ट्रकचे ब्रेक भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की मागच्या चाकांवर भार फार थोडा, त्यात ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, मग मागे काहीच उरत नाही. तेवढ्या भाराला ते ब्रेक जास्त होतात आणि चाक जाम होतं. जाम झालेलं, घसटत जाणारं चाक फिरत्या चाकापेक्षा कमी धरतं आणि गाडीला सरळही ठेवत नाही. ताईंचं सूत्र सगळी चाकं एकसारखी आणि शेवटपर्यंत धरून आहेत असं मानतं.

यावर उपाय म्हणून बऱ्याच गाड्यांना मागच्या आसाजवळ एक झडप असते. तिचा दांडा चासी आणि आस यांच्यामध्ये जोडलेला. माल भरला की पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, दांडा वर जातो, मागच्या ब्रेकला जास्त हवा मिळते. रिकामी असली की कमी. नव्या गाड्यांत एबीएस असतं, चाक जाम व्हायला लागलं की तेच हवा सोडतं आणि पुन्हा धरतं. नानांच्या काळातल्या बहुतेक गाड्यांना यातलं काही नसायचं, तो अंदाज चालकाच्या पायातच असायचा.

तुमच्यापैकी कोणाच्या गाडीला ही झडप असेल आणि पाटे बदलले किंवा एखादं पान वाढवलं असेल, तर दांड्याची लांबी पुन्हा लावून घ्या. पाटे कडक झाले की माल भरूनही दांडा पुरेसा उचलला जात नाही आणि मागच्या चाकांना भरलेल्या गाडीतही रिकाम्या गाडीएवढीच हवा जाते.